उसण, विटा आणि वेताळ टेकडी

दिवसाचे दहा तास खुर्चीत काढणाऱ्या पाठीला नेमकं हवं तरी काय असतं? महागडी खुर्ची, कमरेचा पट्टा की सक्तीची विश्रांती? पुण्यातल्या एका टेकडीच्या चढावर शोधलेलं हे उत्तर…

पहिल्या दिवशी मी मोजून सात विजेच्या खांबांपर्यंत गेले. सातव्या खांबाला टेकून उभी राहिले आणि खाली बघितलं, तर पौड रोड अगदी हाकेच्या अंतरावर. तेवढ्यात सत्तरी ओलांडलेले एक आजोबा, कानटोपी, काठी वगैरे सरंजामासह माझ्या बाजूने गेले, ‘गुड मॉर्निंग’ म्हणाले आणि वळणावर दिसेनासेही झाले. वय वर्षं अठ्ठावीस आणि दोन्ही हात कमरेवर! लाज वाटायला एवढं पुरेसं होतं.

वेताळ टेकडीवर जायचे रस्ते पुष्कळ. कुणी लॉ कॉलेज रोडकडून चढतं, कुणी चतुःशृंगीच्या बाजूने, कुणी पाषाणकडून. प्रत्येकाला आपलाच रस्ता खरा वाटतो (पुणंच ते!). मी निवडला तो त्यातला सगळ्यात आळशी. कोथरूडला पौड रोड सोडला की वर एआरएआयकडे जाणारा डांबरी चढ. एआरएआय म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, गाड्यांच्या चाचण्या करणारी १९६६ सालची संस्था. तिचा कॅम्पस टेकडीवरच आहे, म्हणून हा रस्ता. ट्रेकवाली मंडळी या डांबराकडे तुच्छतेने बघतात. पण ज्याची पाठ नुकतीच धरून सुटलीय त्याला दगडधोंड्यांची पायवाट म्हणजे शिक्षाच. डांबर बरं. शिवाय खांब मोजता येतात.

मी खांब का मोजत होते, हे सांगायचं तर तीन आठवडे मागे जायला हवं.

टेबलाखाली पडलेला चार्जर

फ्रीलान्सिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर कॅफे, कॉफीचा मग आणि खिडकीबाहेरचा पाऊस येतो. माझं ऑफिस म्हणजे आमच्या घरचं डायनिंग टेबल. लाकडी खुर्ची, तिच्यावर आईने शिवलेली चपटी उशी, समोर लॅपटॉप आणि लॅपटॉपच्या दिशेने पुढे झुकलेली माझी मान. त्या आठवड्यात तीन लेख द्यायचे होते. सकाळी नऊला बसले की जेवायला उठायचं (तेही त्याच टेबलावर, म्हणजे उठायचंच नाही!), मग थेट संध्याकाळी. गुरुवारी दुपारी चार्जर टेबलाखाली पडला. मी खुर्चीतूनच वाकले, किंचित वळले, हात लांबवला…

आणि कंबरेत कट्‌ झालं.

ज्यांना हे झालंय त्यांना सांगायला नको. ज्यांना झालेलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. पुढेही जाता येईना आणि मागेही. श्वास घेतला तरी कळ. मी त्याच अवस्थेत, टेबलाखाली डोकं घालून, ‘आई गं’ एवढंच म्हणू शकले. आईने मला खाली सरकवलं, जमिनीवर आडवं केलं आणि निदान जाहीर केलं, ‘उसण भरली.’

उसणीवरचा आमच्या सोसायटीतला इलाज म्हणजे तळमजल्यावरच्या काकू. काकू पायाळू आहेत, म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, हे तुमच्याही आजीने सांगितलं असेल. मी मास कम्युनिकेशनची पदवीधर, दोन आरोग्य पुरवण्यांसाठी लिहिणारी, आणि उंबऱ्याजवळ पालथी पडून काकूंच्या डाव्या पायाची वाट बघतेय! काकूंनी तीनदा हलकेच पाय लावला, काहीतरी पुटपुटल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, घाबरू नकोस. दोन दिवसांत चालायला लागशील.’ त्यांच्या पायाने काय झालं ते मला माहीत नाही. पण ‘घाबरू नकोस’ म्हणणाऱ्या त्या पहिल्या होत्या, आणि पुढचे बरेच दिवस शेवटच्याही.

कारण दारात बाबा उभे होते. पांढऱ्याफटक चेहऱ्याने. ते म्हणाले, ‘हलू नकोस. अजिबात हलू नकोस.’

विटा

बाबा बँकेत होते. २००२ साली, मी पाच वर्षांची असताना, त्यांची कंबर धरली. कळ डाव्या पायात उतरायची. स्लिप डिस्क असं निदान झालं आणि त्यांना सहा आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली गेली. पलंगावरची गादी काढून लाकडी फळी टाकली होती. पायाला पट्टे, पट्ट्यांना दोरी, दोरी पलंगाच्या कडेवरून खाली आणि तिच्या टोकाला विटा. हे घरगुती ट्रॅक्शन. मला त्या विटा स्पष्ट आठवतात, कारण मला आकडे येऊ लागले होते आणि मी त्या रोज मोजायचे. चार होत्या. मी दोरीला हात लावला की आई ओरडायची.

सहा आठवड्यांनी बाबा उठले ते वेगळेच माणूस होऊन. कमरेला पट्टा आला, तो अजून आहे. बादली उचलायची नाही. पंगतीत मांडी घालून बसायचं नाही. स्कूटर विकली. गावाला जायचं तर एसटीत मागची सीट नको म्हणून जायचंच नाही. त्याआधी ते मला खांद्यावर बसवून सारसबागेत न्यायचे म्हणे. ते मला आठवत नाही. मला आठवतात ते, खुर्चीतून उठताना आधी टेबलाचा अंदाज घेणारे, काहीतरी मोडेल अशा भीतीने जगणारे बाबा. पाठ दुखत नसायची तेव्हासुद्धा.

त्या विटा आज आमच्या गॅलरीत आहेत. आईने त्यांच्यावर कुंड्या ठेवल्यात.

त्यामुळे मी जमिनीवर पडले होते तेव्हा मला खरी भीती दुखण्याची नव्हती. खरी भीती ही होती, की आता आपणही तसेच होणार.

रिपोर्ट नावाचं संकट

पुढचे पाच दिवस मी पडून होते. बाबांनी माझी गादी काढायला लावली. शेक, मलम, गोळ्या सगळं झालं. लेख उशिरा गेले, त्यातला एक परतच आला. फ्रीलान्सरला सिक लीव्ह नसते. सहाव्या दिवशी एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझ्याकडे चार मिनिटं बघितलं आणि एमआरआय लिहून दिला. साडेसहा हजार रुपये गेले आणि हातात रिपोर्ट आला. ‘एल-४ एल-५ आणि एल-५ एस-१ या ठिकाणी डिस्क बल्ज. झीज झाल्याच्या खुणा.’

झीज! अठ्ठाविसाव्या वर्षी! मी रिक्षात बसून रडले. बाबांनी रिपोर्ट वाचला, स्वतःची जुनी फाइल काढली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. काही बोलले नाहीत. संध्याकाळी मेडिकलमधून माझ्या मापाचा पट्टा घेऊन आले.

या टप्प्यावर एका मैत्रिणीने मला कर्वे रोडजवळच्या एका फिजिओथेरपिस्टकडे ढकललं. बाई माझ्याच वयाच्या. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी पाऊण तास मला तपासलं. पायाच्या बोटांवर चाल, टाचांवर चाल, पाय सरळ वर उचल, कुठे बधिर वाटतं का सांग. मग विचारलं, ‘लघवी-शौचाचा काही त्रास? जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा? ताप? वजन कमी झालंय? कुठे पडलीस?’ सगळ्याचं उत्तर नाही. (यातलं एकाचं जरी उत्तर ‘हो’ असेल, किंवा पायातली ताकद कमी होत चालली असेल, तर हा लेख इथेच ठेवा आणि आजच डॉक्टर गाठा. लघवीवरचा ताबा जाणं आणि बसायच्या जागी बधिरपणा येणं ही तर थेट इमर्जन्सी. त्यात टेकडीबिकडी काही नाही.)

मग त्या रिपोर्टकडे वळल्या. म्हणाल्या, ‘केस पिकल्याचा रिपोर्ट काढला असता तर रडली असतीस का?’

ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या स्कॅनचा एकत्रित अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांत झीज दिसली होती आणि ३० टक्के लोकांमध्ये बल्ज. ऐंशीच्या घरात तर झीज ९६ टक्क्यांत. आणि ही सगळी न दुखणारी माणसं! म्हणजे माझ्या रिपोर्टमधला बल्ज हा माझ्या दुखण्याचं कारण असेलच असं नाही. कदाचित तो चार्जर पडायच्या कितीतरी आधीपासून तिथे सुखाने नांदत असेल.

मी विचारलं, ‘मग विश्रांती किती दिवस?’

‘घेतलीस तेवढी जास्तच झाली. आता चालायचं.’

हेलसिंकीची माणसं

घरी येऊन मी पत्रकाराचा उद्योग केला, म्हणजे खोदकाम. आणि जे सापडलं ते वाचून दोन रात्री नीट झोप लागली नाही.

फिनलंडमध्ये हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. पाठ नुकतीच धरलेल्या या लोकांचे तीन गट केले. एका गटाला दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम दिले, तिसऱ्याला सांगितलं, की दुखणं जेवढं करू देईल तेवढं आपलं रोजचं काम करत राहा. सगळ्यात लवकर बरा झाला तो तिसरा गट. झोपून राहिलेले सगळ्यात मागे. तुम्ही म्हणाल, ही साधी कंबरदुखी, पायात कळ उतरणाऱ्यांचं काय? त्यांच्यावरचा नेदरलँड्समधला अभ्यास १९९९ चा. १८३ रुग्ण. दोन आठवडे झोपवून ठेवलेले आणि हिंडतेफिरते ठेवलेले यांच्यात फरक जवळपास नाहीच. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांतले ८७ टक्के लोक सुधारले होते. झोपून काही वेगळं मिळालं नाही.

१९९५. १९९९. आणि आमच्या पलंगाला विटा बांधल्या २००२ मध्ये.

मला कुणावर चिडायचं नाही. सगळीकडे तेच सांगितलं जात होतं, आणि सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण जगाच्या दुसऱ्या टोकाला छापलेला कागद कोथरूडच्या पलंगापर्यंत पोचायला किती वर्षं लागतात, याचा हिशेब मी त्या रात्री करत बसले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत नियमित व्यायाम आहे, दुखणं समजून घेणं आहे, मनाची बाजू सांभाळणारे उपचार आहेत. आणि सरसकट वापरू नयेत अशा गोष्टींमध्ये आहेत कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन. हे मी बाबांना वाचून दाखवलं नाही. तेवीस वर्षं कमरेला असलेली गोष्ट अशी एका वाक्यात सोडवता येत नाही.

माझा नवा पट्टा मात्र मी मेडिकलमध्ये परत दिला. पैसे परत मिळाले नाहीत. त्या बदल्यात दोन सनस्क्रीन घ्यावी लागली.

खांब, वळण, माथा

तर टेकडी. फिजिओ बाईंचा हिशेब सोपा होता. पहिल्या दिवशी जमेल तेवढं चालायचं. थोडी दुखली तर चालेल, दुसऱ्या दिवशी वाढलेली नको. आठवड्याला थोडं वाढवायचं. बाई म्हणाल्या होत्या, ‘सपाट रस्त्यावरही चालेल.’ पण पुण्यात सपाट आणि बिनखड्ड्याचा फूटपाथ शोधण्यापेक्षा टेकडी चढणं सोपं!

पहिला आठवडा सात खांब. दुसऱ्या आठवड्यात पहिलं मोठं वळण. वळणावर वारा बदलतो हे मला तेव्हा कळलं. खाली पौड रोडचे हॉर्न ऐकू येत असतात, वळण संपलं की ते एकदम अर्धे होतात आणि मोरांचं ओरडणं कानावर पडतं. दोन्ही बाजूंना गिरिपुष्पाची झाडी, वन खात्याने लावलेली. टेकडीवरच्या जाणकारांना या झाडाचा राग आहे, ते बाहेरून आणलेलं आहे आणि इथल्या गवताला, इथल्या झाडांना जागा ठेवत नाही म्हणून. राग पटतो. पण उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला फिकट गुलाबी फुलं आली की मी गुपचूप खूश होते.

तिसऱ्या आठवड्यात मी वर पोचले. वर म्हणजे डांबर संपून पायवाट सुरू होते तिथे. वेताळ टेकडी हे पुणे शहरातलं सगळ्यात उंच ठिकाण, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. पुणं स्वतःच साडेपाचशेच्या पुढे, त्यामुळे चढ वाटतो तेवढा नाही. पण वर आल्यावर जे दिसतं ते मात्र चढापेक्षा खूप मोठं. एका बाजूला कोथरूडच्या इमारतींचा गिलावा, दुसरीकडे पाषाणचं तळं, आणि हवा स्वच्छ असेल तर नैऋत्येला सिंहगड, त्याच्यावरच्या टॉवरसकट. माथ्यावर वेताळाचं देऊळ. भुतांचा राजा, पण सकाळी साडेसातला त्याच्यासमोर शेंदूर, घंटा आणि पायऱ्यांवर स्ट्रेचिंग करणारी माणसं. थोडं पुढे जुनी दगडाची खाण. पावसाळ्यानंतर तिच्यात पाणी साचतं, कड्याचं प्रतिबिंब पडतं, आणि काठावर बसलेली माणसं आपोआप हळू आवाजात बोलतात.

पायवाटेवरचा पहिला दिवस मला जास्त लक्षात आहे. डांबरावर पाय आपोआप पडतात. इथे प्रत्येक पाऊल वेगळं. एक दगडावर, एक मुरमावर, एक मुळीवरून. कंबर थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, गुडघा वर, हात बाजूला. मला प्रत्येक वेळी वाटायचं, आता कट्‌ होणार. झालं नाही. मी वाकून बुटाची नाडी बांधली. तरी झालं नाही! टेकडीवर नाडी बांधून एवढी खूश झालेली मुलगी वेताळाने बहुधा पहिल्यांदाच बघितली असेल.

चालण्याबद्दल आता पुरावाही चांगला आहे. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वायरी विद्यापीठाचा २०२४ चा अभ्यास. नुकत्याच पाठदुखीतून बरे झालेले ७०१ लोक. निम्म्यांना हळूहळू वाढवत नेलेला चालण्याचा कार्यक्रम दिला, आठवड्यातून पाच वेळा रोज अर्धा तास इथपर्यंत, आणि सोबत फिजिओचा सल्ला. बाकीच्यांना काही नाही. चालणाऱ्यांची पाठ पुन्हा धरायला मध्यमानाने २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांची ११२. म्हणजे चालून पाठ कधीच धरणार नाही असं नाही. पण मधला काळ जवळपास दुप्पट होतो, तोही फुकटात. जिमवाल्यांनी याची जाहिरात का करावी?

टेकडीवर नियमित गेलं की चेहरे ओळखीचे होतात. हिंजवडीला जाणारा एक जण आहे, रोज येऊन-जाऊन अडीच तास कंपनीच्या बसमध्ये, वर नऊ तास डेस्कवर. त्याने अठरा हजारांची अर्गोनॉमिक खुर्ची घेतली होती. तिला जाळीची पाठ, डोकं टेकायला उशी, सात प्रकारच्या कळा. ‘एवढी आरामशीर होती, की उठावंसंच वाटायचं नाही,’ तो म्हणाला. ‘त्यातच तर पाठ गेली!’ आता ती खुर्ची त्याची सासू टीव्ही बघायला वापरते. बँकेतली एक ताई आहे, बाळंतपणानंतर पाठ धरलेली, ती पावणेसातला येते आणि साडेसातला धावत खाली उतरते, डबे भरायला. आणि ते कानटोपीवाले आजोबा. त्यांना मी पाचव्या आठवड्यात गाठलं. ओलांडलं नाही, हं. नुसतं गाठलं.

या सगळ्यांना एक गोष्ट सारखी छळत असते. टेकडी राहणार का? बालभारती ते पौड फाटा रस्ता या टेकडीच्या कडेने न्यायचा घाट कित्येक वर्षं घातला जातोय. २०२३ च्या एप्रिलमध्ये हजारो पुणेकर टेकडी वाचवायला मोर्चात उतरले होते. तेव्हा मी ती बातमी डायनिंग टेबलावर बसून वाचली होती. मोर्चाला गेले नव्हते. डेडलाइन होती.

टेबलावरचे बदल, दिवाळी अंकांसह

चालणं सकाळचं झालं, पण बसणं तर दिवसभराचं आहे. त्याचं काय? मी फिजिओ बाईंना अगदी वही घेऊन विचारलं, ‘नीट कसं बसायचं?’ त्या म्हणाल्या, ‘नीट कसं बसायचं विचारू नकोस. कधी उठणार ते सांग.’

पाठ अमुक एका कोनात बसल्याने बिघडते, असं सरळ गणित नाही. ताठ बसून चार तास काढले तरी ती कुरकुरतेच. एकाच अवस्थेत अडकून राहणं तिला सोसत नाही. मणक्यांमधल्या चकत्यांना मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो, त्यांचं पोषण आजूबाजूने झिरपत येतं. म्हणून मी दोन लिटरची पाण्याची बाटली टेबलावरून हटवली आणि छोटं फुलपात्र ठेवलं. दर अर्ध्या तासाने ते संपतं आणि स्वयंपाकघरात जावं लागतं. फोन आला की उठून गॅलरीत बोलायचं. संपादकाचा असेल तर फेऱ्या आपोआप वाढतात.

लॅपटॉपखाली सहा जाड दिवाळी अंक ठेवले तेव्हा स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली. (सात ठेवले तर मान वर होते. प्रयोग केलाय.) वेगळा की-बोर्ड घेतला, सातशे रुपयांचा, म्हणजे कोपर अंगाजवळ राहतात. पाय जमिनीला पुरत नव्हते, त्याखाली देवघरातला जुना पाट. आईला ते पटलं नाही, तिने दुसरा पाट आणून दिला. उभ्याने काम करायचं स्टँडिंग डेस्क सध्या सगळ्यांना हवंय. पण तिथेही तासन्‌तास पुतळ्यासारखं उभं राहणार असाल तर पाठीने फक्त दुखायची जागा बदलली असं होतं.

व्यायाम बाईंनी तीनच दिले, कारण ‘दहा दिले की लोक एकही करत नाहीत’. उताणं पडून एकेक गुडघा छातीशी. गुडघे दुमडून कंबर उचलणं. आणि ओणवं होऊन, म्हणजे चार पायांवर, समोरचा हात आणि उलटा पाय एकदम लांब करणं. या तिसऱ्यात मी सुरुवातीला सरळ आडवी व्हायचे.

खरं तर पुण्याने जगाला पाठ सांभाळायला शिकवलंय. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले आणि २०१४ मध्ये जाईपर्यंत इथेच राहिले. त्यांची १९७५ ची संस्था मॉडेल कॉलनीजवळ आहे, तिथे देशोदेशीची माणसं येतात. दोऱ्या, पट्टे, लाकडी ठोकळे, लोड हे सगळं त्यांनी आसनांसाठी वापरात आणलं. आणि एक साधी लोखंडी घडीची खुर्ची. तिची पाठ काढून टाकलेली, म्हणजे तिच्यातून अंग घालून मागे वाकता येतं. ज्या वस्तूने आपली पाठ आखडते तिच्यावरच ती मोकळी करायची! हे मला फारच आवडलं. अजून क्लास लावलेला नाही, पण खुर्चीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलेय.

रविवार

दोन महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी मी बूट घालत होते. वाकून, उंबऱ्यावर बसून. बाबा पेपर वाचत होते. म्हणजे वाचत नव्हते, माझ्या पाठीकडे बघत होते.

‘दुखत नाही?’

‘कधी कधी. पण वाढत नाही.’

‘मोडेल असं वाटत नाही?’

तेवीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न कुणाला विचारला असेल असं मला वाटत नाही. मी म्हटलं, ‘आधी वाटायचं. बाबा, चला ना. फक्त सात खांब.’

त्यांनी स्वेटरच्या आत पट्टा बांधला, आईला दोनदा सांगितलं की मोबाइल जवळ ठेव, आणि आम्ही रिक्षाने पायथ्याशी गेलो. पहिल्या खांबापर्यंत ते बोलले नाहीत. दुसऱ्यापाशी थांबून त्यांनी कोथरूड पूर्वी कसं शेतांचं होतं ते सांगितलं. चौथ्यापाशी मोर ओरडला, तर म्हणाले मांजर आहे. सहाव्यापाशी कानटोपीवाले आजोबा वरून उतरत आले, ‘गुड मॉर्निंग’ म्हणाले, बाबांच्या कमरेवरच्या हाताकडे बघून थांबले आणि म्हणाले, ‘एल-४ एल-५ का? माझी पण.’

सातव्या खांबाला टेकून बाबांनी खाली बघितलं. घाम आला होता. म्हणाले, ‘पट्टा खाजतोय.’ स्वेटरमध्ये हात घालून त्यांनी तो सोडवला, घडी करून माझ्या पिशवीत टाकला. खाली उतरताना एकदा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आधारासाठी की सहज, ते कळलं नाही.

घरी आल्यावर पट्टा परत बांधला. तो अजून आहे. सकाळी काढतात, दुपारनंतर बांधतात. परवा शनिवारी रात्री जेवताना त्यांनी विचारलं, ‘त्या वळणाच्या पुढे खांब किती आहेत गं?’ मी वळणाच्या पुढचे कधी मोजलेच नव्हते.